समेच्या अर्धी मात्रा आधी

"काल रात्री उशिरा फाटक वाजलं, ते तुमचंच ना हो?" वहिनींनी कढीपत्ता तोडता तोडता विचारलं. झाड आमचं, पण निम्म्या फांद्या त्यांच्या अंगणात. त्यामुळे गल्लीतल्या बातम्यांचं पहिलं वाचन भिंतीपाशी इथेच होतं.

"आमचंच. पुतणी आली. दर्ग्यात गाण्याची सभा होती ना."

"बारावीचं वर्ष, आणि पोरगी मध्यरात्री घरी!"

"एकटी नव्हती हो. भाऊजी होते की बरोबर. ते बसतात मागे, जाजमाच्या कडेला. सुरुवातीला सारखे घड्याळ बघायचे. आता जोगकंस रंगला की उठायचं नाव काढत नाहीत. परवा आंघोळ करताना तान घेतली, तर जाऊबाई म्हणाल्या, गीझर बिघडला वाटतं."

"पण ती काय करते तिथं? गायला लागली का?"

"गात नाही. गाणाऱ्यांचे फोटो काढते."

वहिनींचा हात फांदीवरच थांबला. "म्हणजे लग्नात काढतात तसे?"

"तसे नव्हे. लग्नात मंडळी कॅमेऱ्याकडे बघून हसतात. इथं कुणी तुमच्याकडे बघायचं नाही, आणि तुम्ही आहात हे कुणाला कळायचंही नाही."

"हे खूळ शिरलं कुठून डोक्यात?"

"मिरजेत राहून शिरायला काय उशीर! आपल्या गावात दर चार घरांमागे एकाचा तरी हात तारेला लागलेला. दहावीची सुट्टी होती. आमचा जुना तंबोरा जवारीला टाकायचा होता, म्हणून भाऊजी तिला घेऊन सतारमेकर गल्लीत गेले. तुम्ही कधी आत शिरलात का त्या दुकानांत? पंढरपूरकडून आलेले वाळके भोपळे आढ्यापर्यंत टांगलेले, आत मिट्ट काळोख, आणि दारातून एक उजेडाची पट्टी येते तेवढीच. कारागीर त्या पट्टीत बसलेला. घोडीवर कानस फिरवतो, तार छेडतो, मान वाकडी करून ऐकतो. पुन्हा दोन हात कानस. मग तारेखालचा दोरा नखानं एक केसभर सरकवतो, आणि इतका वेळ ठणठण करणारी तार एकदम गुंजायला लागते. पोरगी तासभर तिथून हलली नाही. तो दोरा सरकवताना कारागिराचा खालचा ओठ दाताखाली येतो, ते तिला टिपायचं होतं. मोबाइलवर काढले, ते सगळे राखाडी निघाले."

"मग घेतला असेल बापानं लाखाचा कॅमेरा."

"कुठला लाखाचा! स्टेशनरोडकडच्या एका लग्नाच्या फोटोग्राफरनं नवा घेतला, त्याचा जुना हिच्या पदरात पडला. पैसे हप्त्यानं. पण खरी गंमत पुढेच. त्याच्याबरोबर जी लेन्स येते ना, अठरा-पंचावन्नची, ती अंगणात उत्तम आणि मंडपात आंधळी. जवळचं दिसावं म्हणून पुढे ओढली की तिचं तोंड आणखी बारीक होतं, एफ पाच पूर्णांक सहा. मग तिनं वाढदिवसाचे, भाऊबीजेचे, सगळे पैसे गोळा करून पन्नास एमएमची एक पूर्णांक आठवाली लेन्स घेतली. झूम नाही, काही नाही, हातात मावेल एवढी. पण उजेड किती घेते सांगू? पहिलीच्या जवळजवळ दहापट. मोठ्या कार्यक्रमांत ते फोटोग्राफर भाल्यासारखी लांब लेन्स घेऊन उभे असतात, तिला लाखाच्या पुढे मोजावे लागतात. हिच्या लेन्सला जवळ जायचं असेल तर आपणच उठून जवळ जायचं."

"आणि गवई जवळ येऊ देतात?"

"तिथेच तर सगळं आहे, वहिनी. पहिल्या वर्षी अंबाबाईच्या नवरात्रात गेली होती. संगीत महोत्सवात कुणी पास मागत नाही, लहान पोर म्हणून कुणी हटकत नाही. पण फोटो काढता येणं निराळं आणि काढू देणं निराळं. आलाप चाललेला, सगळं देऊळ शांत, आणि मध्येच कॅमेऱ्याचा खटका. पुढच्या रांगेतल्या आजोबांनी असं काही बघितलं म्हणता! तेव्हापासून ठरवलं, आलापात बोट लावायचं नाही. दोन द्रुत बंदिशींत काय काढायचं ते काढावं. तबला चढला की खटका त्यात बुडून जातो. जागा बदलायची तर टाळ्यांतच. अनवाणी, बसूनच, गुडघ्यांवर सरकत. काळे किंवा गडद कपडे. फ्लॅश तर आयुष्यात नाही."

"कॅमेऱ्याला आवाज बंद करायची सोय नसते का? माझ्या मोबाइलला आहे."

"नव्या कॅमेऱ्यांना असते. पण हल्ली मंडपात ते एलईडीचे दिवे लावतात ना, ते क्षणोक्षणी लुकलुकतात. आपल्या डोळ्याला दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतं. आवाज बंद केला की बऱ्याच कॅमेऱ्यांत फोटोभर आडवे पट्टे येतात. गणपतीतल्या ऑर्केस्ट्राला गेली तेव्हा दुसराच घोळ. गायिकेवर सबंध लाल झोत. फोटोत चेहऱ्याचा नुसता लाल पापड, नाक कुठं, डोळा कुठं, पत्ता नाही. आता लाल-निळ्या झोतात ती काढतच नाही, पांढरा दिवा फिरून तोंडावर येईपर्यंत थांबते. नाहीतर घरी येऊन काळा-पांढरा करून टाकते. म्हणते, काकू, ब्लॅक अँड व्हाइटनं माझी अर्धी अब्रू वाचवली."

वहिनींनी तोडलेला कढीपत्ता पदरात घेतला. म्हणजे आता निवांत उभ्या राहणार. "मला एक सांगा, एवढं हलतात हे गवय्ये. हात असा, मान तशी. फोटो फिसकटत नाही?"

"फिसकटतो की! सेकंदाचा दोनशेवा भाग ठेवला तरी तबलजीची बोटं कधी धुरकट येतात. पण ती म्हणते, बोटं धुरकट आली तर येऊ देत, डोळे पाहिजेत. आणि वेळ कुठली पकडायची, त्यात तिचा हातखंडा झालाय. चौथीत असताना तबल्याच्या क्लासला घातलं होतं, आठवतं? आम्हाला वाटलं, पैसे पाण्यात गेले. आता कळतंय, गेले नाहीत. तीनतालाच्या सोळा मात्रा तिच्या मांडीवर आपोआप चालू असतात. सम जवळ आली की गवई फिरतो, तबलजी त्याच्याकडे बघतो, दोघांच्या भुवया वर जातात, आणि समेवर दोघं एकदम हसतात. हसले हे बघून बटण दाबलं तर उशीर झाला. ती समेच्या अर्धी मात्रा आधी दाबते. बाकीचे चार जण मशिनगनसारखे तडतडत शंभर काढतात, ही तीन काढते. विलंबित एकताल असला तर अर्धा तास नुसती बसून असते."

"म्हणजे गाणं कळलं पाहिजे."

"निदान कुठं थांबायचं ते कळलं पाहिजे. त्या दर्ग्यात कोण गायलेत हेही कळलं पाहिजे. अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली तिकडे मद्रासकडे गेले असताना वारले, त्यांना आणलं ते आपल्या मिरजेत. त्यांचे शिष्य सवाई गंधर्व, सवाईंचे शिष्य भीमसेन जोशी. भीमसेनांनी १९५३ पासून पुण्यात गुरूच्या नावानं जो महोत्सव चालवला, त्याचं मूळ इथं आपल्या दर्ग्यातल्या चिंचेच्या झाडाखाली. बाहेरगावचे कलाकार इथं येतात ते बिदागीसाठी नव्हे, हजेरी लावायला. अंगात कसला तोरा नसतो त्या दिवशी. चहा घेताना, सूर लावताना, शिष्याच्या पाठीवर थाप मारताना दिसतात. नवख्या पोराला यापेक्षा चांगली शाळा कुठली? पण गावातली पोरं काय करतात, पहिल्याच दिवशी मुंबईच्या त्या मोठ्या मैदानातल्या कार्यक्रमाच्या पासामागे लागतात."

"तिथं सोडतात का यांना?"

"कशाला सोडतील! त्या लोलापलुझाला, महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर होतो बघा तो, किंवा तसल्या कुठल्याही जलशाला पास पाहिजे. पास द्यायचा तर आधी विचारतात, कुठल्या पेपरचे, कुठल्या मासिकाचे? पूर्वी काय काढलंय ते दाखवा. सतरा वर्षांच्या पोरीला स्टेजपुढच्या त्या कठड्यात बहुतेक ठिकाणी पाऊलही टाकू देत नाहीत. आणि पास मिळाला तरी पहिली तीन गाणी, फ्लॅश नाही, मग चला बाहेर. जगभर हीच रीत झालीय. तीन गाण्यांत त्या गायकाला घामसुद्धा फुटत नाही हो! चौथ्या गाण्याला तो तापणार, तेव्हा हे फोटोग्राफर पार्किंगमध्ये. आपल्या बैठकीत तीन-तीन तास समोर बसायला मिळतं, त्याची किंमत त्यांना विचारा."

"पण नाव व्हायचं तर मोठ्या ठिकाणीच होणार ना?"

"असं काही नाही. दिल्लीच्या दयानिता सिंगचं ठाऊक आहे का तुम्हाला? अहमदाबादच्या एनआयडीत शिकत होती, १९८० च्या आसपास, आपल्या पोरीपेक्षा वर्ष-दोन वर्षांनी मोठी. कॉलेजच्या कामासाठी झाकीर हुसेनचे फोटो काढायला गेली. आयोजकांपैकी एकानं अडवलं, त्या गडबडीत सगळ्यांच्या देखत पडली. दुसरी रडत घरी गेली असती. ही झाकीरभाईंना गाठून म्हणाली, आज मी विद्यार्थिनी आहे, एक दिवस मोठी फोटोग्राफर होईन, तेव्हा बघू."

"बाई गं! आणि ते?"

"तेही जेमतेम तिशीचे. माहीमचा माणूस, हसले असतील. पण त्यांनी तिला जवळ येऊ दिलं. सगळे ही फटकळपणाची गोष्टच रंगवून सांगतात. मला विचाराल तर पुढचं महत्त्वाचं. पुढे सहा हिवाळे ती त्यांच्याबरोबर, इतर कलाकारांबरोबर गावोगाव हिंडली. प्रवास, रियाझ, घरची माणसं, सगळं. १९८६ साली त्याचं पुस्तक झालं, तिचं पहिलं. २०२२ मध्ये तिला हॅसलब्लाड पुरस्कार मिळाला. फोटोग्राफीत त्याच्यावरचे मान थोडेच."

"झाकीरभाई गेले ना हो."

"गेले, २०२४ च्या डिसेंबरात. त्या दिवशी पोरगी जेवली नाही. तिला त्यांचा एकही फोटो काढायला मिळाला नव्हता."

वहिनी क्षणभर गप्प झाल्या. मग त्यांना आठवलं. "पण ती दयानिता दिल्लीची. आपल्यासारख्या घरातल्या पोरींना कोण घेतं?"

"लंडनचं ऐका मग. जिल फुर्मानोव्स्की म्हणून एक बाई आहेत. जन्म आफ्रिकेतला, लहानपणी लंडनला आल्या. शाळकरी असताना साध्या कॅमेऱ्यानं बीटल्समधल्या पॉल मॅकार्टनीचा मैत्रिणींबरोबर फोटो काढला होता, तेवढाच अनुभव. आर्ट कॉलेजात फोटोग्राफीचं शिक्षण झालं दोन आठवड्यांचं. १९७२ साली रेनबो थिएटरात येस नावाच्या बँडचा कार्यक्रम होता. ही सरळ पुढे जाऊन व्यावसायिक फोटोग्राफरांच्या घोळक्यात उभी राहिली, जणू त्यांच्यातलीच. थिएटरवाल्यांनी विचारलं, आमची फोटोग्राफर होतेस का?"

"झालं की मग काम!"

"झालं, पण पगार नाही. फुकट."

"हात्तिच्या!"

"पण रोज रात्री दार उघडं! तिथून पिंक फ्लॉइड काय, ओएसिस काय, सगळे तिच्या कॅमेऱ्यातून गेले. आपल्याकडे पुण्याचे सतीश पाकणीकर बघा. त्यांच्या गवई-वादकांच्या फोटोंची कॅलेंडरं लोक वर्ष संपलं तरी भिंतीवरून काढत नाहीत. एकेका कलाकाराजवळ वर्षानुवर्षं बसल्याशिवाय तसे चेहरे मिळत नाहीत."

"फुकट फुकट म्हणता, पण आपल्या पोरीला कुणी काही देतं का?"

हा प्रश्न येणार हे मला ठाऊकच होतं. वहिनींची गाडी फिरून फिरून त्याच स्टेशनात येते, आणि ते बरोबरही आहे.

"पहिलं वर्ष नुसतं 'नाव देतो' यावरच गेलं. एका मंडळानं तर तिचा फोटो उचलून चौकात फ्लेक्स केला. खालचं हिचं नाव कापलं, आणि गवयाच्या शेजारी एका पुढाऱ्याचा हात जोडलेला फोटो चिकटवला. पोरगी भडकली. भाऊजी म्हणाले, जाऊ दे. मी म्हटलं, का जाऊ दे? बँकेत जन्म काढला मी, कागद वाचल्याशिवाय सही केली नाही कधी. बसून कायदा वाचला. १९५७ चा कॉपीराइट कायदा गमतीचाच आहे. आपल्या मर्जीनं फुकट काढलात तर फोटो तुमचा. पण कुणी पैसे देऊन काढून घेतला आणि काही लिहून ठेवलं नाही, तर पहिला हक्क पैसे देणाऱ्याचा! म्हणून आता ती दोन ओळी लिहून घेते. फोटो कार्यक्रमाच्या प्रसिद्धीला वापरा, विकू नका, नाव छापा."

"अहो, पण ती अठराची कुठं झालीय? तिच्या कागदाला विचारतो कोण?"

"बघा, तुमच्याही ध्यानात आलं! १८७२ च्या करार कायद्यानं अठराच्या आतल्या पोरानं केलेला करार मुळातच रद्द. म्हणून सही भाऊजींची. शाळेच्या प्रगतिपुस्तकावर करतात तशी करून देतात, न वाचता. ते मात्र मी बंद केलंय. आणि हे काय आपल्या गावापुरतंच आहे? अमेरिकेत २०१५ साली फू फायटर्स म्हणून मोठ्या बँडनं फोटोग्राफरांपुढे असा कागद ठेवला की फोटो तुम्ही काढा, मालकी आमची. वॉशिंग्टनच्या सिटी पेपर नावाच्या साप्ताहिकानं सही करायला नकार दिला आणि सरळ जाहीर केलं की आम्ही गाणं ऐकायला आलेल्या प्रेक्षकांकडून फोटो विकत घेऊ."

"शाब्बास! असं पाहिजे."

"आता हिचा रिवाज ठरलाय. गुरुपौर्णिमेला तबल्याच्या, कथकच्या क्लासांचे कार्यक्रम असतात, तिथून बोलावणं येतं. तीन फोटो भेट, बाकी पाहिजेत तर पैसे. आईबाप घेतातच. आपल्या पोराचा समेवरचा चेहरा दुसरं कोण देणार? महिन्याचा बसपास, मेमरी कार्ड, एवढं सुटतं. श्रीमंत होणार नाही. मोठे मोठे फोटोग्राफरही लग्नं, जाहिराती करून घर चालवतात, हे तिला सांगून ठेवलंय. ती म्हणते, ठाऊक आहे काकू, म्हणून तर बारावी देतेय."

"आणि त्या ढोल-ताशाच्या पथकाला गेली होती म्हणे? कानाला काय होईल पोरीच्या!"

"त्यावरून तर भांडण झालं आमचं. ढोलाच्या पुढ्यात उकिडवी बसून फोटो काढते. शंभर डेसिबलचा आवाज असला तर पंधरा मिनिटांच्या वर ऐकू नये, आणि पुढे दर तीन डेसिबलला ती वेळ निम्मी होते. मी कापूस देत होते, तर हसली. कापसानं काही होत नाही म्हणे. फोमचे बोळे मिळतात, पिळून कानात घालायचे, आत फुगतात. ते मी डझनभर आणून तिच्या बॅगेत टाकलेत. आता घरात हाक मारली तरी ऐकू येत नाही, तो भाग वेगळा."

वहिनी हसल्या आणि लगेच गंभीर झाल्या. मला वाटलं, बारावीवर परत येणार. पण त्यांनी आवाज खाली आणला.

"मी काय म्हणते, एकादशीला आमच्या भजनी मंडळाचा कार्यक्रम आहे. विठ्ठलाच्या देवळात. येईल का ती? घरचीच पोरगी, पैशाचं काय…"

"तीन फोटो भेट," मी म्हटलं.

"आम्ही बारा बायका आहोत हो! तीनांत कशा मावणार? टाळवाल्या एकीकडे, पेटीवाले एकीकडे."

"मग जास्तीचे सांगा. सवलत देईल ती शेजारधर्मानं."

"आणि फ्लॅश नको म्हणावं. पेटीवाल्यांचं नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय."

"फ्लॅश ती वापरतच नाही, आत्ताच तर सांगितलं. तुम्ही फक्त एक करा. देवळाच्या पूर्वेला खिडकी आहे ना, सकाळचा उजेड तिथूनच येतो. पेटीवाल्यांना आणि म्हणणाऱ्या दोघींना त्या खिडकीशी बसवा. बाकी ती बघून घेईल."

वहिनींनी जरा विचार केला. "खिडकीशी आमचे हे बसतात. वारा लागतो म्हणून. गेली कित्येक वर्षं तिथंच. ते हलायचे नाहीत."